हलाल आहे, पण रंगाचं काय?

मुंब्रा-कौशात संध्याकाळी चायनीजच्या गाड्यांवर पार्सलची गर्दी होते. तिथल्या गिऱ्हाइकांना आम्ही मत विचारलं. बहुतेक जण भावावर खूश: एका फुल राइसमध्ये दोन मुलं पोटभर जेवतात. ‘चव रोज वेगळी,’ ही तक्रार एका कॉलेजच्या मुलाची. एक खाला मात्र चिकन कुठून आणलं हे विचारल्याशिवाय ऑर्डर देत नाहीत. म्हणाल्या, ‘हलालची पाटी तर सगळेच लावतात, बेटा.’

चिकनची चौकशी आणखी दोघातिघांनी केली होती. त्या लालभडक रंगाची कुणीच नाही. कुरआनात हलालबरोबर ‘तय्यिब’ हाही शब्द येतो. तय्यिब म्हणजे शुद्ध, चांगलं. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी केली, कारण तपासणीत घातक रंग सापडले होते. गाडीवाल्यांचं म्हणणं, लाल दिसलं नाही तर गिऱ्हाईक घेत नाही. म्हणजे थोडा दोष आपल्या डोळ्यांचाही!

खालांना हे सांगितलं. आता त्या ‘रंग नको’ म्हणून बजावतात. गाडीवाला कुरकुरतो, पण पांढरा राइस बांधून देतो. मुलांनी पहिल्या दिवशी तोंडं वाकडी केली, डबा मात्र रिकामा झाला.