एक्सेल अडले तर बरे. गप्प चालले तर शेतकऱ्याचे नाव गळते

शेतकरी बंधूंनो, आणि नुकसानीच्या याद्या करण्याचे काम ज्यांच्या अंगावर आहे अशा माझ्या सहकाऱ्यांनो,

गोदाकाठच्या एका गावातल्या आजी मागे एका अतिवृष्टीनंतर आमच्या कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसल्या. म्हणाल्या, "साहेब, शेजाऱ्याच्या खात्यावर पैसे आले. त्याच्या अन् माझ्या वावरात एकच बांध हाय. पाणी दोघांच्या बी सोयाबीनात व्हतं. मग माझंच नाव कामून नाही?"

त्या गावचा पंचनामा करणाऱ्यांत मी स्वतः होतो. नुकसान ३३ टक्क्यांच्या कितीतरी वर होते. सह्या झाल्या होत्या. गावच्या यादीत आजींचे नाव होते, पण तालुक्याच्या एकत्र यादीत नव्हते. या दोन याद्यांच्या मधे होते काय? एक्सेलची एक फाइल, आणि त्या फाइलमधला मॅक्रो.

मॅक्रो म्हणजे एक्सेलला एकदाच लिहून दिलेले काम. सगळ्या गावांच्या याद्या उघड, गावाचे नाव बघ, क्षेत्राची बेरीज कर, एका यादीत उतर. बटण दाबले की दिवसभराचे काम दोन मिनिटांत होते. त्याच्या जोडीला फॉर्म असतो, म्हणजे नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र भरायची समोर उघडणारी चौकट. आता याद्या शेवटी पोर्टलवर चढतात हे खरे. पण पोर्टलवर चढण्याआधीची यादी पुष्कळ ठिकाणी एक्सेलमध्येच बनते. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्या पदांच्या पाट्या बदलल्या, यादीची फाइल मात्र तीच राहिली.

आम्ही शोध घेतला. आजींच्या गावच्या यादीत काही ओळींवर गावाच्या नावातला उकार ऱ्हस्व पडला होता. आपल्याकडे कुणी सेलू लिहितो, कुणी सेलु. कुणी जिंतूर, कुणी जिंतुर. माणसाला दोन्ही एकच, संगणकाला ती दोन वेगळी गावे. मॅक्रोला ते गाव सापडले नाही. खरे तर त्याने तिथेच थांबून तक्रार करायला हवी होती. ती केली नाही, कारण कुणीतरी त्यात एक ओळ घालून ठेवली होती : 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. म्हणजे चूक आली तर बोलू नको, पुढे चल. विचारले तेव्हा यादी करणारा पोरगा म्हणाला, "सर, ते सारखं बंद पडायलं होतं, म्हणून टाकली."

वीसेक नावे गळाली आणि शेवटी पडद्यावर आले, 'काम पूर्ण झाले'.

स्टार्टर का ट्रिप होतो?

बंधूंनो, विहिरीवरचा स्टार्टर वारंवार ट्रिप होऊ लागला की आपल्यातले काही जण काय करतात? बटण दोरीने बांधून टाकतात. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालतात. मोटार चार दिवस चालते आणि मग जळते. स्टार्टर ट्रिप होतो तो मोटार वाचवण्यासाठी. मॅक्रो थांबतो तोही यादी वाचवण्यासाठीच. थांबणारा मॅक्रो प्रामाणिक समजावा. भीती बाळगायची ती न थांबणाऱ्याची.

अडले तर आधी काय करावे?

मॅक्रो थांबला की एक चौकट येते. तिच्यावर चुकीचा क्रमांक असतो आणि खाली 'एंड' व 'डीबग' अशी बटणे. घाईने 'एंड' दाबू नये. आधी मोबाइलवर त्या चौकटीचा फोटो काढावा. मग 'डीबग' दाबावे. ज्या ओळीवर काम अडले ती पिवळी दिसते. तिथल्या ओळ क्रमांकाच्या शब्दावर माउस नुसता धरला की यादीतला कितवा माणूस चालू होता ते कळते. दहापैकी आठ वेळा दुखणे त्या माणसाच्या माहितीत असते, मॅक्रोत नसते. आणि एक पथ्य कायमचे : मूळ फाइलवर दुरुस्ती करू नये. तिची नक्कल करून नकलेवर करावी.

नेहमीची दुखणी

१) क्रमांक १३, 'टाइप मिसमॅच'. आकड्याच्या रकान्यात अक्षरे आली. क्षेत्रापुढे 'हे.' लिहिले, किंवा सरकारी सवयीने 'निरंक' लिहिले. बेरीज करणाऱ्याला 'निरंक' कळत नाही. तिथे शून्य लिहावे, शेरा वेगळ्या रकान्यात द्यावा.

२) क्रमांक ६, 'ओव्हरफ्लो'. मॅक्रो लिहिणाऱ्याने ओळी मोजायला 'इंटिजर' नावाचे माप घेतलेले असते. या मापात ३२,७६७ पर्यंतच आकडा मावतो. मंडळाच्या यादीला ते पुरते, म्हणून मॅक्रो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. तालुक्याच्या सगळ्या ओळी एकत्र आल्या की पुढच्याच ओळीला अडतो. उपाय एका शब्दाचा आहे : 'इंटिजर'च्या जागी 'लाँग' लिहावे.

३) क्रमांक ९, 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज'. कुणीतरी खालच्या शीटचे नाव बदलले. मॅक्रो जुन्या नावाने हाक मारतो आणि ओ कुणी देत नाही. शीटचे नाव पहिल्यासारखे करावे.

४) क्रमांक १००४. याची कारणे अनेक. पण आपल्याकडे बहुधा शीटला कुलूप असते, नाहीतर शोभेसाठी दोन-चार घरे एकत्र जोडलेली असतात. यादीच्या भागात घरे जोडू नयेत.

५) मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे. मॅक्रो लिहायच्या खिडकीला देवनागरी नीट कळत नाही. म्हणून गावांची आणि पिकांची नावे मॅक्रोत न लिहिता एका वेगळ्या शीटवर लिहावीत आणि तिथून उचलावीत. फॉर्ममध्येही गावाचे नाव टाइप करायला न देता त्या शीटवरून निवडायला द्यावे. उकाराचा घोळ मुळातच मिटतो.

फॉर्मच उघडत नाही

जुन्या संगणकावर चालणारा फॉर्म नव्यावर उघडत नाही, ही तक्रार सगळीकडे आहे. त्याची तीन कारणे सापडतात. एक, २०१० पासून ऑफिस ६४ बिटचेही येते. जुन्या मॅक्रोतल्या 'डिक्लेअर' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींत 'पीटीआर-सेफ' हा शब्द नसेल तर तिथे तो चालत नाही. दोन, तारीख निवडायचे जुने कॅलेंडर ६४ बिटच्या ऑफिसात मिळत नाही. ते काढून दिवस, महिना, वर्ष अशी तीन साधी घरे ठेवावीत. तीन, २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो आपोआप अडवायला सुरुवात केली. ई-मेलने वगैरे आलेल्या फाइलवर लाल पट्टी दिसते ती यामुळे. फाइलवर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये 'अनब्लॉक'वर खूण केली की पट्टी जाते. पण फाइल कुणी पाठवली हे फोन करून विचारल्याशिवाय ही खूण करू नये. विषाणू याच वाटेने येतात.

न अडता होणाऱ्या चुका

आता खरी काळजीची गोष्ट. काही चुकांत एक्सेल अडतच नाही.

गट नंबर १२/३ लिहिला की एक्सेल त्याची तारीख करते. संगणकाची पद्धत भारतीय असेल तर १२ मार्च, अमेरिकी असेल तर ३ डिसेंबर. हे दुखणे आपल्याच तलाठ्यांचे आहे असे समजू नका. जनुकांवर काम करणाऱ्या जगभरच्या शास्त्रज्ञांच्या याद्यांतही काही जनुकांच्या नावांच्या अशाच तारखा होत होत्या. शेवटी २०२० साली त्या जनुकांची नावे बदलल्याचे जाहीर झाले. आपल्याला गट नंबर बदलता येत नाहीत. म्हणून माहिती भरण्याआधीच तो रकाना 'टेक्स्ट' करावा.

बँक खात्याचेही तसेच. एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंकच जपते. खाते १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो. खात्याच्या सुरुवातीची शून्ये तर उडूनच जातात. नंतर रकाना 'टेक्स्ट' केला तरी गेलेला अंक परत येत नाही. आयएफएससीचे पाचवे अक्षर शून्य असते. तिथे इंग्रजी 'ओ' पडला की पैसे अडकतात.

आणि दर. केंद्राच्या निकषात कोरडवाहू पिकाला हेक्टरी ६,८०० रुपये होते, ते २०२२ साली ८,५०० झाले. शासन वेळोवेळी दर आणि मर्यादा बदलते. दर मॅक्रोच्या पोटात लिहून ठेवला असेल तर जुना फॉर्म जुन्याच दराने बिनबोभाट हिशेब करीत राहतो. दर नेहमी वेगळ्या घरात, सगळ्यांना दिसेल असा लिहावा.

अशी चूक मोठ्यांच्या घरीही होते. २०२० साली इंग्लंडमध्ये करोनाच्या नोंदी जुन्या प्रकारच्या एक्सेल फायलीत उतरवल्या जात होत्या. त्या फायलीत ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी नुसत्या गळत गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठवड्यात १५,८४१ रुग्ण वेळेवर मोजले गेले नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध लांबला.

मोंढ्याचा नियम

मोंढ्यात माल नेताना आपण घरून निघतानाच्या गोण्या मोजतो आणि काट्यावर पुन्हा मोजतो. यादीलाही हाच नियम लावावा. गावांच्या याद्यांतील एकूण नावे किती, एकूण क्षेत्र किती. एकत्र यादीत नावे किती, क्षेत्र किती. चारही आकडे कागदावर लिहून सही करावी. एक नावही कमी भरले तर यादी पुढे पाठवू नये. मॅक्रोच्या खिडकीत 'रिझ्यूम नेक्स्ट' शोधून ती ओळ बंद करावी आणि नकलेवर पुन्हा चालवून बघावे. अडेल, दहादा अडेल. प्रत्येक अडण्यामागे एका शेतकऱ्याचे नाव असू शकते.

शेतकरी बंधूंनो, तुमचेही काम आहे. गावची यादी वाचली जाते किंवा फलकावर लागते तेव्हा 'माझं नाव हाय' एवढ्यावर घरी जाऊ नका. सातबारा आणि पासबुक हातात धरून गट नंबर, क्षेत्र, खात्याचा शेवटचा अंक स्वतः पडताळा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या नातवाला सोबत आणा. चूक दिसली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तालुक्याच्या यादीतही नाव आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. विचारले म्हणून कुणी रागावले तरी विचारा.

आजींचे नाव पुढे पुरवणी यादीत आले, पैसेही मिळाले. पण तोवर रब्बीची पेरणी उरकली होती. त्यांनी हरभऱ्याचे बियाणे उसने आणून पेरले होते, आणि उसन्याचे कसे फेडावे लागते हे तुम्हाला मी सांगायला नको. पंचनाम्यावर माझी सही होती. पुढच्या यादीत काय झाले हे मी तेव्हा बघितले नव्हते. तेव्हापासून यादी पुढे जाण्याआधी मी माझ्या गावांची नावे एकदा बोटावर मोजून घेतो. अर्धा तास जातो. तेवढा आपण सगळ्यांनीच द्यावा, ही विनंती.