जयपूरचा पाय आणि संकेतस्थळाचे दार

पाय गमावलेल्या शेतकऱ्यास पूर्वी मिळणारा विलायती धाटणीचा कृत्रिम पाय बुटात घालूनच वापरावा लागे. तो लावून उकिडवे बसणे, मांडी घालणे किंवा चिखलात उतरणे कठीण असे. म्हणून पुष्कळजण तो काढून ठेवीत. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा लवचीक पाय घडविला. साधनच मनुष्याच्या राहणीशी जुळविले गेले.

संकेतस्थळाचेही असेच आहे. अंध वाचकाचा संगणक पानावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो. परंतु जंतरमंतरच्या चित्रामागे शब्दांत वर्णन लिहिलेले नसेल, तर तो केवळ ‘चित्र’ एवढेच म्हणून पुढे जातो. परीक्षेच्या अर्जातील रकान्यांना नावे जोडलेली नसतील, तर कोठे काय भरावे हे कळत नाही आणि अर्ज अपुरा राहतो. ज्याचा हात माउस धरू शकत नाही, त्याला प्रत्येक बटण कळफलकाने गाठता आले पाहिजे.

ही काळजी पान रचतानाच घेतली, तर श्रम थोडे पडतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार ही सोय म्हणजे उपकार नसून हक्क आहे.