कॅलिफोर्नियातली ‘टिकी’ आणि आमची आई

“ताई, उसाचा रस तुला चालतो ना? मग रम म्हणजे तरी काय? उसाचीच नात!”

माझ्या धाकट्या भावाने हा सिद्धान्त मांडला तेव्हा आम्ही त्याच्या फ्रीमॉन्टच्या घरी सकाळचा चहा घेत होतो. कॉलेजला सुटी लागताच आईला घेऊन मी त्याच्याकडे कॅलिफोर्नियात गेले होते. येत्या शनिवारी त्याला चाळीस वर्षे पुरी होत होती आणि त्यानिमित्त घरी ‘टिकी पार्टी’ करण्याचा बेत त्याने व वहिनीने आखला होता. आई आत पूजेला बसली होती, म्हणून ‘रम’ हा शब्द त्याने जरा हळू उच्चारला.

तो हळू का उच्चारला, हे मला ठाऊक होते. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात काका होते. माणूस सोन्यासारखा, पण रात्री साडेअकराला दिंडी दरवाजाची कडी वाजली की आई उठायची, पुन्हा शेगडी पेटवायची आणि एक अक्षर न बोलता त्यांना गरम भात वाढायची. काका एक्कावन्नाव्या वर्षी गेले. मी तेव्हा बारा वर्षांची होते, भाऊ सहा वर्षांचा. त्याला ती कडी आठवत नाही. मला अजून ऐकू येते.

असो. टिकी पार्टी हा काय प्रकार आहे, हे वाचकांपैकी पुष्कळांना माझ्यासारखेच माहीत नसेल. भिंतींना बांबूच्या चटया लावायच्या, गवताची झालर सोडायची, पाहुण्यांनी फुलाफुलांचे सदरे घालून यायचे, गिटारीचे संथ सूर लावायचे आणि रम, लिंबू व फळांचे रस यांचे मिश्रण उग्र चेहरे कोरलेल्या मातीच्या मगांतून प्यायचे. वर पुदिन्याची काडी आणि कागदाची इवलीशी छत्री. सारा थाट पॅसिफिक महासागरातल्या बेटांचा. जन्म मात्र हॉलिवूडचा!

अमेरिकेतली दारूबंदी 1933 च्या डिसेंबरात उठली. त्यानंतर लगेच अर्नेस्ट गँट नावाच्या एका भटक्या तरुणाने हॉलिवूडमध्ये छोटासा बार काढला. रम तेव्हा स्वस्त होती. बेटांवरून गोळा केलेल्या वस्तू त्याने भिंतींवर टांगल्या आणि पुढे स्वतःचे नावही बदलून ‘डॉन बीच’ करून घेतले. गृहस्थ मोठा धूर्त. आपल्या कृती कोणी चोरू नयेत म्हणून बाटल्यांवर तो नावांऐवजी सांकेतिक खुणा घाली, त्यामुळे कशात काय घालतो आहोत हे पेय बनवणाऱ्या नोकरांनाही कळत नसे. हे नोकर बहुतेक फिलिपिनो. टिकीच्या इतिहासात त्यांचे हात सगळीकडे आहेत, नावे फार थोडी. जेफ बेरी नावाच्या संशोधकाने कित्येक वर्षे खपून ही कोडी सोडवली आणि 2007 साली पुस्तकात छापली. तेव्हा कळले की एका गूढ बाटलीत होते काय, तर ग्रेपफ्रूटचा रस आणि दालचिनीचा पाक! ‘झॉम्बी’ नावाचे त्याचे पेय इतके कडक होते की एका गिऱ्हाइकाला दोनच पेले मिळत. तिसरा मागितला तरी नाही.

त्याच्यामागोमाग ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉन उभा राहिला. लहानपणी क्षयाने त्याचा एक पाय गेला होता. तो शार्कने नेला, असे तो गिऱ्हाइकांना खुशाल सांगे. ‘माय टाय’ हे पेय त्याने 1944 साली ताहितीहून आलेल्या स्नेह्यांसाठी केले आणि त्यांच्यातल्या बाईंनी एक घोट घेऊन ताहितीच्या भाषेत ‘फारच उत्तम’ अशा अर्थाचे उद्गार काढले, तेच नाव पडले, अशी त्याची हकिगत. डॉन बीचला ती मान्य नव्हती. महायुद्धात पॅसिफिक पाहून परतलेले सैनिक, 1947 साली ‘कॉन-टिकी’ तराफ्यावरून थॉर हेयरडालने केलेली 101 दिवसांची सफर, 1959 साली हवाईला मिळालेला राज्याचा दर्जा, या साऱ्यांनी ही हौस अमेरिकेच्या घराघरांत आणि परसांत नेली. खुद्द त्या बेटांवर गोऱ्यांची जहाजे येण्यापूर्वी रम नव्हतीच. तिथले जुने पेय म्हणजे कावा, एका झुडपाच्या मुळीचे.

शनिवारच्या तयारीत माझ्याकडे बदाम आले. माय टायमध्ये ‘ऑर्झा’ नावाचा बदामाचा पाक लागतो. गंमत अशी की हा फ्रेंच शब्द मुळात जवावरून आला. आधी ते जवाचे पाणी होते. पुढे जव गेले, बदाम राहिले आणि नाव तसेच चिकटून बसले. शब्दांच्या घरात असे भाडेकरू पुष्कळ! पाव किलो बदाम रात्री भिजत घातले. सकाळी आईने ते सोलायला घेतले. आम्ही ते वाटून फडक्यातून पिळून काढले, त्यात साखर विरघळवली आणि संत्र्याच्या फुलांच्या अर्काचे चार थेंब टाकले. आईने चमचाभर चाखले.

“वेलदोडा हवा होता. कशात घालणार हे?”

“सरबतात,” मी म्हटले. वीस वर्षे विद्यार्थ्यांना अर्धसत्याबद्दल ‘नरो वा कुंजरो वा’चा दाखला देणारी मी!

कृती सांगून टाकते, कारण ती मुळीच अवघड नाही. एका पेल्याला 60 मिलिलिटर रम, संत्र्याच्या सालीचे क्युरासाव नावाचे गोड मद्य 15, बदामाचा पाक 15, साखरेचा पाक अर्धा चमचा आणि एका लिंबाचा रस. अननसाचा रस मुळात नाही, तो नंतरचा. लिंबे त्याच दिवशी पिळायची. शिळ्या रसाला कडवटपणा येतो. बर्फ आपल्याला वाटतो त्याच्या दुप्पट आणायचा आणि चेचून घ्यायचा. भावाच्या घरी यंत्रे सतरा, पण बर्फ शेवटी टॉवेलात गुंडाळून लाटण्यानेच फोडला. मुलांसाठी व न पिणाऱ्यांसाठी तोच बदामाचा पाक, लिंबू आणि सोडा. सोबतीला वहिनीने सुपारीएवढे बटाटेवडे केले.

माझ्या विषयाशी या साऱ्याचा एक धागा जुळतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही टिकी पेये कॅरिबियन बेटांवरच्या रमच्या ‘पंच’ची मुले. आणि ‘पंच’? शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास इकडे आलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर लिहून गेला आहे की नेरूळला, म्हणजे गोव्यातल्या, उत्तम अरक होते. तिच्यापासून इंग्रज जे पेय करतात त्याला पाच जिनसांवरून ‘पंच’ म्हणतात. या व्युत्पत्तीवर विद्वानांत वाद आहे. पण शब्द 1632 सालच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रात सापडतो, तेव्हा त्याचा इकडच्या किनाऱ्याशी संबंध उघड आहे. भावाला हे सांगितले तर तो म्हणाला, “म्हणजे पार्टी आपलीच!”

शुक्रवारी दुपारी मगांचे खोके आले. भावाने एकेक मग काढून टेबलावर मांडला. वटारलेले डोळे, विचकलेले दात, डोक्यावर उंच मुकुट. आई चष्मा लावून बघू लागली.

“हा कुणाचा देव रे?”

“देव नाही गं आई, मग आहे.”

“मग त्याला तोंड कशाला दिलंय?”

भाऊ हसला, मला मात्र हसता येईना. रात्री मी वाचत बसले. माओरींच्या पुराणात टिकी हा पहिला पुरुष. मार्केसस बेटांवर टिकी म्हणजे देवाची वा पूर्वजाची मूर्ती. हवाईच्या भाषेत ‘त’चा ‘क’ झाला आहे, म्हणून तिथे तोच शब्द ‘किइ’ असा ऐकू येतो. हवाईत स्त्री-पुरुषांनी एका पंगतीला बसणे निषिद्ध होते. केळी, नारळ आणि डुकराचे मांस स्त्रियांना वर्ज्य. 1819 साली तरुण राजा लिहोलिहो उठून बायकांच्या पंगतीत जेवायला बसला आणि ते बंधन मोडले. (एक स्त्री म्हणून मला तो राजा आवडला, हे लपवत नाही.) पण त्याच झपाट्यात देवळे पाडण्याचा आणि मूर्ती जाळण्याचा हुकूम सुटला. मिशनरी पोहोचले ते पुढच्या वर्षी. कू या देवाच्या देवळांतल्या भव्य मूर्तींपैकी तीनच आज उरल्या आहेत; एक होनोलुलूत, एक लंडनला, एक मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला. 2010 साली त्या काही महिने होनोलुलूत एकत्र आल्या होत्या.

सकाळी हे मी आईला सांगितले. भावाने ऐकले आणि मुद्दा पकडला. “बघ, त्यांनीच मोडले ना आपले देव?”

“स्वतःच्या हातांनी मोडले असतील बापडे,” आई म्हणाली. “म्हणून तू त्यांच्या डोक्यातून प्यायचं का?”

भाऊ जरा घुश्शातच उठला. दीडशे डॉलरचे मग, वाढदिवस त्याचा, घरही त्याचे. तासाभराने पाहिले तर मग पुस्तकांच्या फळीवर ओळीने ठेवलेले होते आणि टेबलावर काचेचे साधे पेले. त्यावर आम्ही कोणी काही बोललो नाही.

संध्याकाळी चौदा मंडळी जमली. सदरे अगदी डोळे दिपवणारे! आई नऊवारी नेसून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. मी एक घोट चाखला. आधी लिंबाचा चटका, मग बदाम, आणि रम मागून सावकाश येते. वाईट नव्हते. तेवढ्यात आईने मला जवळ बोलावले.

“सरबतात घालतेस म्हणालीस ना? एका पेल्यात दारू किती घालतो तो?”

मी पकडले गेले होते. “साठ मिलिलिटर,” मी म्हटले, आणि सुटका करून घ्यावी म्हणून डॉन बीचच्या दोन पेल्यांच्या नियमाची गोष्टही सांगितली. आईला ती भलतीच पटली.

“शहाणा होता हो तुझा तो डॉन.”

त्यानंतर ती दर थोड्या वेळाने उठून टेबलांवरचे रिकामे पेले उचलू लागली. सर्वांना वाटले, म्हातारीला स्वच्छतेची हौस. ती छत्र्या गोळा करीत होती. वहिनीने प्रत्येकाला वेगळ्या रंगाची छत्री दिली होती आणि आईच्या मांडीवरच्या ताटलीत त्या रंगवार लागत होत्या. सोड्याच्या पेल्यांना छत्री नव्हती.

साडेदहाच्या सुमारास भावाने बर्फाचे भांडे पुढे ओढले आणि रमच्या बाटलीचे झाकण काढले. आईने वरही पाहिले नाही.

“तुझ्या दोन निळ्या झाल्या रे.”

भाऊ क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने झाकण लावले, एक लिंबू कापले आणि सोड्यात पिळले. बदामाचा पाक घालायला तो विसरला, तो आईने उठून घातला.