टायर बदलताना : रन-फ्लॅट की साधे?

अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतून बदलापूर वा कल्याणकडे रोज मोटार हाकणाऱ्यांना पंक्चरचे नवल नाही. पाण्याखाली दडलेला खड्डा नाही तर रस्त्यावरचा खिळा. मग भर पावसात जॅक लावून स्टेपनी चढविण्याची कसरत. ती टाळणारे रन-फ्लॅट टायर घ्यावेत का, हा प्रश्न म्हणूनच पडतो.

साध्या टायरमधील हवा गेली की मोटारीच्या भाराने त्याच्या बाजूच्या भिंती दुमडतात आणि रिम त्यांना चिरडते. रन-फ्लॅटच्या भिंती जाड व ताठ असल्याने त्याच भार पेलतात. हवा पूर्ण गेल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत सुमारे ८० किलोमीटर जाता येते, असे उत्पादक साधारणतः सांगतात. हवा गेल्याचे चालकाला चटकन जाणवत नाही. त्यामुळे दाब दाखविणारी टीपीएमएस यंत्रणा नसलेल्या गाडीला हे टायर लावू नयेत.

या सोयीची किंमत मोठी आहे. टायर महाग असतात आणि ताठ भिंतींमुळे खड्ड्यांचे हादरे अधिक बसतात. आपल्याकडील रस्त्यांवर ही बाब किरकोळ नव्हे. हवेविना धावलेल्या टायरला आतून झालेली इजा बाहेरून दिसत नाही, म्हणून अनेक कंपन्या दुरुस्तीऐवजी तो बदलावयास सांगतात. साध्या ट्यूबलेसचे हेच काम नाक्यावरचा पंक्चरवाला काही मिनिटांत करतो. शिवाय खड्ड्याच्या धारदार कडेने भिंतच फाटली, तर रन-फ्लॅटही हतबल ठरतो.

गावातल्या गावात फिरणाऱ्यांना म्हणूनच साधे ट्यूबलेस टायर आणि चांगली स्टेपनी पुरेशी आहे. जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचे गणित निराळे. रात्री भरधाव वाहनांशेजारी चाक बदलणे जिवावर बेतू शकते. तेथे हे ८० किलोमीटर मोलाचे. मात्र झिजलेला वा कमी हवेचा टायर उन्हात वेगाने पळविण्याचा धोका रन-फ्लॅटनेही टळत नाही.

मूळचे रन-फ्लॅट काढून साधे बसविणाऱ्यांच्या गाडीत बहुधा स्टेपनीला जागाच नसते. २०२० च्या नियमबदलानुसार ट्यूबलेस टायर, टीपीएमएस व पंक्चर दुरुस्ती संच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती नाही. तेव्हा तो संच आणि हवेचा छोटा पंप डिकीत हवाच. चारही टायर एकाच प्रकारचे घ्यावेत.