साठ की सात?

आपल्या गडचिरोलीत भामरागडकडे माडिया, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांची बंगाली. गटात सगळ्या मराठी बोलतात, पण प्रत्येकीच्या मराठीला तिच्या मायबोलीचं वळण असतं. बंगालीत क्रियापदाला स्त्रीलिंग-पुल्लिंग नाही, म्हणून ती ताई 'मी आला' म्हणते. 'व' चा 'ब' होतो, म्हणून वीसचे 'बीस'. हे अडाणीपण नव्हे.

एकदा मोहफुलांची नोंद करताना तेलुगू घरची ताई 'साट किलो' म्हणाली. बाया हसल्या, मी 'सात' लिहिलं. हसण्यामुळे ती पुढे बोललीच नाही. पैसे वाटताना साठ किलो होते हे कळलं. चूक तिची नव्हती, ऐकणाऱ्यांची होती.

तेव्हापासून आम्ही असं करतो. 'काय?' म्हणून ओरडत नाही. ती बहिरी नाही. 'ताई, मी साठ ऐकलं, सहावर शून्य ना?' असं विचारतो. आकडा वहीत लिहून तिला दाखवतो. तिचं वाक्य आपण पुरं करत नाही, नक्कल तर नाहीच. तरी कळलं नाही तर म्हणतो, 'माझ्या कानाला सवय नाही, पुन्हा सांगा.'

आणि तिचेही दोन शब्द शिकतो. तीनला तेलुगूत 'मूडु', गोंडीत 'मुंड'. पुढच्या बैठकीत तुम्हीही विचारून पाहा. जी बाई गप्प बसते, तिचा हिशेब आधी चुकतो.