बियाणे आले, विद्या मागे राहिली

आपल्या नित्याच्या आहारातील मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग व मका ही पिके मूळची अमेरिका खंडातील होत. १४९२ साली कोलंबस तिकडील बेटांवर उतरला, तोपर्यंत आपल्याकडील शेतकऱ्यास ती ठाऊक नव्हती. पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून त्यांपैकी कित्येक पिके आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आली. ‘बटाटा’ हा शब्दही आपण त्यांच्याकडूनच घेतला. ही पिके ज्यांनी घडविली, त्या शेतकऱ्यांची विद्या समजून घेणे आपणांस उपयुक्त ठरेल.

मक्याची घडण

मेक्सिकोतील बालसास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून मका घडू लागला. त्या गवताच्या कणसात कठीण कवचाचे मोजकेच दाणे असतात. चांगले कणीस बियाण्यासाठी राखावे, या एकाच नियमाने पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालले. मक्याच्या शेतातच घेवडा व भोपळा लावीत. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढे व त्याच्या मुळांवरील गाठी जमिनीत नत्राची भर घालीत. भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल राखीत व तण दाबीत.

पाण्यातील वाफे, डोंगरावरील पायऱ्या

अझटेकांची राजधानी टेनोच्टिट्लान ही टेक्सकोको सरोवरात वसलेली होती. तेथील शेतकरी उथळ पाण्यात गाळ व पाणवनस्पती यांचे थर रचून लांबट वाफे तयार करीत, काठ ढासळू नयेत म्हणून कडेने झाडे लावीत आणि चरांतील गाळ खत म्हणून वाफ्यांवर टाकीत. ‘चिनाम्पा’ नावाच्या या वाफ्यांत वर्षातून अनेक पिके निघत. सोचिमिल्को येथे असे वाफे आजही पाहावयास मिळतात.

दक्षिणेकडे अँडीज पर्वतात इंका लोकांनी उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्यांची शेते केली. तळाशी दगड व खडी, त्यावर वाळू आणि वर माती अशी रचना असल्याने निचरा होई व माती वाहून जात नसे. बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवून, पायांनी तुडवून व उन्हात वाळवून ते वर्षानुवर्षे टिकवीत.

परकीयांचा आघात

१५१९ मध्ये कोर्तेस टेनोच्टिट्लानला पोहोचला. १५२० मध्ये तेथे देवीची साथ पसरली आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी नगर पडले. १५३२ मध्ये पिझारोने इंका सम्राट अताहुआल्पा यास कैद केले. देवी, गोवर यांसारख्या रोगांचा तेथील लोकांस पूर्वी कधीही संसर्ग झालेला नव्हता. त्या साथी, युद्धे व वेठबिगार यांमुळे बहुसंख्य प्रजा नष्ट झाली आणि असंख्य शेते ओस पडली.

अर्धवट उचललेली विद्या

मेक्सिकोतील स्त्रिया मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग वाटीत. त्यामुळे दाण्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीरास मिळते. युरोपीयांनी मका नेला, पण ही रीत मागेच राहिली. जेथे गरिबांचे पोट केवळ मक्यावर भरू लागले, तेथे पेलाग्रा हा रोग उद्भवला. स्पेनमध्ये १७३५ मध्ये गास्पार कासाल या वैद्याने त्याचे वर्णन केले. त्यात कातडी फुटते, जुलाब होतात व बुद्धिभ्रंश होतो. नायसिनच्या अभावाने तो होतो, हे १९३७ नंतर स्पष्ट झाले. तोवर युरोप व अमेरिकेत हजारो माणसे त्याने दगावली होती.

बटाट्याचेही तसेच घडले. अँडीजचा शेतकरी एकाच शेतात अनेक वाण लावी. आयर्लंडमधील गरीब शेतकरी मुख्यतः एकाच वाणावर विसंबले. १८४५ मध्ये करपा आला, पीक शेतातच कुजले आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले.

आपण काय करावे?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नवे बियाणे गावात नेताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत: ते मूळच्या ठिकाणी कोणत्या जमिनीत येते, कोणत्या पिकासोबत घेतात आणि घरात कसे शिजवून खातात? शेतकरी बंधूंनीही सर्व क्षेत्र एकाच वाणाखाली आणू नये. जुन्या वाणांचे थोडे बियाणे दरवर्षी पेरून जिवंत राखावे, आणि ते कसे रांधावे हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून समजून घ्यावे. बियाण्यासोबत ते पिकविण्याची व खाण्याची रीतही आली, तरच ते बियाणे पुरतेपणी आपले झाले.