अडगळ विकताना भाव कसा सांगायचा?



दसरा जवळ आला की आपण माळा आवरायला काढतो. जुना मिक्सर, मुलांची लहान झालेली सायकल, भेट आलेले ग्लासांचे संच, कुणाच्या तरी लग्नातली पितळी घागर. सगळं खाली काढतो, पुसतो आणि पुन्हा वर ठेवून देतो. नाहीतर दारावर आलेल्या भंगारवाल्याला म्हणतो, "काय द्यायचं ते दे बाबा."

आमच्या बचत गटातल्या एका ताईंनी दोन वर्षांपूर्वी असाच एक तांब्याचा हंडा देऊन टाकला. हुकाच्या ताणकाट्यावर तो अडीच किलो भरला. पुढे सहज म्हणून जोडीतला दुसरा हंडा किराणा दुकानात तोलला, तर तो निघाला तीन किलो चारशे ग्रॅम. पैसे गेले ते गेलेच, पण त्या हंड्यावर त्यांच्या आईचं नाव घातलेलं होतं. आम्ही तो परत आणायला गेलो, तेव्हा तो वितळवायला पुढे गेला होता.

तेव्हापासून आम्ही बायका वर्षातून दोनदा, रविवारी सकाळी, शाळेच्या पटांगणात घरातल्या नको असलेल्या वस्तूंचा बाजार मांडतो. इंग्लंडमध्ये लोक मोटारीची डिकी उघडून असाच बाजार मांडतात. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार तर आपल्या ओळखीचाच. चार बाजारांत आम्ही जे शिकलो, ते आज सांगतो.

पहिलं काम घरातलं. विकायला काढलेली वस्तू कुणाची आहे, ते आधी विचारा. नाव घातलेली भांडी, सासूबाईंचा पाटा, मुलीची खेळणी त्यांना विचारल्याशिवाय बाहेर काढू नका. आणि तुमच्या माहेरच्या वस्तूंबद्दल घरच्यांनी तुम्हालाही विचारलं पाहिजे, हे स्पष्ट सांगा. मग तीन ढीग करा: ठेवायचं, विकायचं, भंगारात द्यायचं.

आता भाव. आपण वस्तू केवढ्याला घेतली होती, ते विसरायचं. घेणाऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. आज तीच वस्तू दुकानात नवी केवढ्याला मिळते आणि भंगारात तिचे किती येतील, हे दोन आकडे काढायचे. आपला भाव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. चांगल्या स्थितीतल्या स्टीलच्या भांड्याला आम्ही नव्याच्या निम्मी किंमत धरतो, चालू मिक्सरला तिसरा हिस्सा आणि रोजच्या कपड्यांना दहावा.

एक उदाहरण घेऊ. नवा मिक्सर २,४०० रुपयांना मिळतो. आपला सहा वर्षांचा आहे, पण चालतो. चिठ्ठीवर ८०० लिहा. ६०० आले तर आनंदाने द्या. ४५०च्या खाली नाही, हे घरीच ठरवून ठेवा. हा शेवटचा आकडा चिठ्ठीवर नाही, आपल्या वहीत लिहायचा. गर्दीत कुणी घासाघीस करायला लागलं की आपण गोंधळतो; वही गोंधळत नाही. मिक्सर, इस्त्री, पंखा विकताना जवळ वीजजोड हवाच. चालवून दाखवलेल्या वस्तूला भाव येतो.

तांब्या-पितळेच्या भांड्यांची घाई करू नका. तांबं, पितळ आणि कासं यांचे भाव वेगवेगळे असतात. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, कास्यात कथील, आणि कासं महाग. कास्याची वाटी वाजवली की नाद बराच वेळ घुमतो. भंगारवाला फक्त वजनाचे पैसे देतो, पण ज्याला घंगाळ किंवा समई वापरायची आहे, तो त्याहून जास्त देतो. वजनावरच द्यायचं झालं, तर घरातून मिठाची एक किलोची बंद पिशवी न्या आणि आधी ती काट्याला लावा. काटा खरा आहे का, तिथेच कळेल. व्यापाराच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असावा लागतो. तो दाखवायला सांगण्यात लाजण्यासारखं काही नाही.

कपड्यांचंही तसंच. बोहारीण दारात येते, ऊन-पावसात डोक्यावर ओझं वाहते, तिचाही पोटाचा प्रश्न आहे. तिच्याशी व्यवहार जरूर करा. पण खऱ्या जरीची जुनी रेशमी साडी वाटी-पातेल्यावर देऊ नका. जुन्या जरीत चांदी असते; आधी जरी घेणाऱ्याला दाखवा. मऊ झालेल्या सुती साड्या गोधडी शिवणाऱ्या बायका आवडीने घेतात.

काही वस्तू बाजारात मांडायच्याच नाहीत. गॅसचा सिलिंडर आपल्या मालकीचा नसतो, कंपनीचा असतो. नको असेल तर एजन्सीत परत करून अनामत घ्यायची. झडप बिघडलेला कुकर, आपटलेलं हेल्मेट, उरलेली औषधं विकू नका. पाच-पन्नास रुपयांसाठी कुणाच्या जिवाशी खेळ नको. बंद पडलेला टीव्ही आणि संगणक नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. मोबाइल विकण्याआधी सिम आणि कार्ड काढा, खात्यातून बाहेर पडा, फोटो आणि सगळी माहिती पुसून टाका.

बाजाराच्या दिवशी दहा-वीसच्या नोटा आणि नाणी जवळ ठेवा. सुट्टे नाहीत म्हणून गिऱ्हाईक जातं. भारी वस्तू पुढे मांडा आणि दोघी-दोघी बसा. पहाटे पहाटे दुकानदार येतात, सगळं एकदम मागतात आणि भाव पाडतात. पहिल्या तासाभरात आकडा सोडू नका. उन्हं चढल्यावर मात्र थोडं कमी करा, नाहीतर तेच ओझं परत घरी न्यावं लागतं. कुणी मोबाइलवरून पैसे पाठवले, तर त्याच्या फोनवरचा हिरवा टिक पाहू नका, आपल्या खात्यात जमा झाले का ते पाहा. आणि लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कुणी टाकायला सांगितला, तर तो फसवतोय.

शेवटी एक सांगतो. भाव उतरवणारं प्रत्येक माणूस लबाड नसतं. गेल्या वेळी एक मुलगी नवं बिऱ्हाड मांडत होती. तिने तवा, पातेली, डबे निवडले आणि पैसे मोजत उभी राहिली. कुठे थांबायचं ते आमच्या वहीत होतं. तरी त्या दिवशी आम्ही आणखी थोडं खाली आलो. ते ठरवून केलं, म्हणून मागे चुटपुट लागली नाही. न मोजता देऊन टाकणं वेगळं आणि मोजून सोडणं वेगळं.

ताईंचा दुसरा हंडा विकायच्या ढिगात कधीच आला नाही. तो त्यांच्या घरी पाण्याने भरलेला असतो.

या आठवड्यात माळा काढाल, तेव्हा वही-पेन्सिल बरोबर घ्या.